हिराजीचं बावखल

दामूभाई चुरी कुठेही वेळेवर पोचत नसत, कारण वाटेत खड्डा दिसला की ते थांबत. आणि आमच्या वसई-विरारमध्ये खड्डा लागत नाही अशी वाट नाही.

पावसानं पडलेले खड्डे त्यांच्या खिजगणतीत नव्हते. माणसानं खणलेला पाहिजे. गॅसची लाइन, पाण्याचा पाइप, एखाद्या बिल्डिंगचा पाया, काहीही चालायचं. हातातली पिशवी खाली ठेवायची, चपला काढायच्या, काठावर उकिडवं बसायचं आणि आत डोकावायचं. मग आत घमेलं भरणाऱ्याला विचारायचं, "कड उभी का घेतलीस?" तो बिचारा झारखंडचा नाहीतर तेलंगणाचा. त्याला वाटायचं, महापालिकेचे कोणी साहेब आले. तो "जी साब" म्हणायचा. दामूभाई खेदानं मान हलवायचे. "ढासळनार ही. हिराजीनं उतार घेतला होता."

चंदनसारला माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं. दामूभाई आणि काकी, म्हणजे त्यांची बायको, हॉलवर आले तेव्हा केटररची माणसं टेबलं पुसत होती. दामूभाईंच्या गुडघ्यांना चिखल. नवरीच्या बापाचा हात हातात घेऊन ते आनंदानं म्हणाले, "फाटकापाशी मोठं काम काढलंय. खोल हाय. पन पायरी नाही ठेवली." मागे काकी आहेराचं पाकीट घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी आपली रिक्षात बसून. रिक्षावाला विचारतो, काकी, बाबा खड्ड्यात पडले काय? म्हटलं, लग्न झालं तेव्हापासून पडलेत."

शेजारच्या वाडीतले पास्कूअंकल गेले तेव्हाची गोष्ट तर मी कित्येकांना रंगवून सांगितली आहे. दामूभाई आणि पास्कू लहानपणापासूनचे दोस्त. दफनाच्या वेळी फादरांची प्रार्थना झाली, एकेक जण पुढे होऊन मूठभर माती टाकू लागला. दामूभाईंची पाळी आली. ते वाकले, आत बराच वेळ बघत राहिले आणि पलीकडे फावडं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हळूच म्हणाले, "बाजू छान घेतल्यात." सगळ्यांनी ऐकलं. फादरांनी डोळे मिटले. पास्कूअंकलची बायको मात्र म्हणाली, "ह्याला तसंच वाटलं असतं, दामू." मी रुमालात हसलो होतो. दामूभाईंच्या जवळ त्याहून मोठी स्तुती नव्हती आणि ती त्यांनी मित्राला दिली, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. माझ्या बऱ्याच गोष्टी उशिरा लक्षात येतात. त्यातलीच एक आज सांगतो आहे.

खरी गंमत अशी की दामूभाईंनी स्वतः जन्मात कुदळ धरली नव्हती. त्यांची सगळी नोकरी मुंबईत एका विमा कचेरीत गेली. तळहात पोळीच्या कणकेसारखे मऊ. काकींच्या तुळशीचं आळंसुद्धा त्यांना नीट करता येत नसे. खणणारा होता तो हिराजी, त्यांचा पणजा.

त्यांच्या घरामागे एक बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. आमच्याकडे समुद्र जवळ, विहिरीचं पाणी कधी मचूळ होईल याचा भरवसा नाही. म्हणून जुन्या लोकांनी वाडीच्या पोटात अशी तळी राखली. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, खारं पाणी खाली दाबून धरतं. दामूभाईंचं बावखल हिराजीनं एकट्यानं खणलं होतं. बायको टोपली उचलायची, हा खणायचा. किती वर्षं खणलं, ते ऐकणाऱ्यावर अवलंबून असे. घाईतल्या माणसाला तीन हिवाळे, निवांत बसणाऱ्याला सात. एका कथेत कातळ लागून पहार मोडली होती, दुसऱ्या कथेत पहार लागून कातळ. मी एकदा हा फरक दाखवला तर म्हणाले, "दोन्ही मोडलं. कठीन काम होतं."

काकी हिराजीला "माझी सवत" म्हणत. "लग्नाच्या पयल्या रात्री ह्यांनी मला काय सांगितलं, इचार. बावखलाची खोली."

"मग तुम्ही काय म्हणालात?" माझ्या बायकोनं एकदा विचारलं होतं.

"काय म्हननार? म्हटलं, झोपा. हिराजी दमला असंल."

"हिराजी दमला नव्हता," आतून दामूभाईंचा आवाज आला. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली आणि मी पिशव्या घेऊन चौथा मजला चढत धापा टाकायला लागलो, की खालून ऐकू यायचंच, "सायब, हिराजी दमला नव्हता."

मला ते सायब म्हणत, कारण मी सरकारी नोकर. पालघरला जिल्ह्याच्या एका कचेरीत बसतो. उमेळ्यात आमची बिल्डिंग उभी आहे ती दामूभाईंच्याच चुलत्याच्या केळीच्या वाडीवर. आम्ही देशावरून आलो आणि चौथ्या मजल्यावर घर घेतलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली बघितलं की ते बावखल दिसायचं. हिरवं पाणी, काठानं राजेळी केळी, पाण्यावर वाकलेल्या फांदीवर एक खंड्या. मी सकाळी चहा घेऊन तिथे उभा राहायचो. मी फारसा बोलत नाही. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक विचारी समजतात. तसं काही नसतं. बहुतेक वेळा तो फक्त स्वतःला वाचवत असतो.

आमच्या कचेरीकडे एक काम आलं. जिल्ह्यातले पाणथळ पट्टे शोधायचे, मोजायचे आणि त्यांतले संरक्षित म्हणून जाहीर करायला वर पाठवायचे. जाहीर झालं की तिथे भराव नाही, बांधकाम नाही. त्यासाठी निधी मंजूर झाला होता. उमेळ्याच्या बावखलांचा पट्टा यादीत घालावा हे मीच सुचवलं. त्यात परोपकार नव्हता. चहा पिताना बरं वाटायचं.

दामूभाईंना मात्र ती बातमी जीवनदानासारखी होती. सातबाऱ्यावर त्यांच्याबरोबर सगळ्या चुलतभावंडांची नावं होती आणि बाकीच्यांना जमीन विकायची होती. त्यात पुढे होता पुतण्या जितू. सातिवलीला त्याचं पॅकिंगच्या मालाचं गोडाऊन आहे. पोरगा वाईट नाही. काकांना डॉक्टरकडे तोच नेतो. "काका, मला पण वाईट वाटतं," तो म्हणायचा, "पण बावखल काय खायचंय? बिल्डर फ्लॅट देतोय, तुम्हाला पण एक देतोय, थर्ड फ्लोअर, लिफ्टवाला." दामूभाई म्हणायचे, "तिसऱ्या मजल्यावर पानी खनायचं कुठं?" पण एकट्याच्या सहीनं काही अडत नव्हतं. अडलं असतं ते फक्त सरकारनं पट्टा संरक्षित केल्यावर. हे त्यांना ठाऊक होतं, जितूला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

पाहणीच्या दिवशी दामूभाईंनी इस्त्रीचा सदरा घातला. आमच्या सगळ्या टीमला चपला-बूट काढायला लावून काठावर नेलं, शहाळी दिली, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी दिली. मी तक्ता भरत होतो. सवयीनं विचारलं, "भाई, हे तळं नैसर्गिक की कुणी खणलेलं?"

मी त्यांच्या जन्माबद्दल काही विचारलं असावं तसे ते बघत राहिले. "नैसर्गिक? आपोआप आलं काय? अळंबी हाय ही?"

"तसं नाही, लिहावं लागतं."

"मग लिही. हिराजी नारायन चुरी यांनी खनलं. लिहिलंस? वाच."

मी वाचलं, "मानवनिर्मित."

"नाव?"

"नावाला जागा नाही, भाई."

त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. "मानव. चालंल. मोठा शब्द हाय. हिराजीला आजवर कोनी मानव म्हटलं नव्हतं." आणि काकींकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? सरकारात लागलं नाव."

काकी म्हणाल्या, "आता तरी झोपल तो."

नियमात एक ओळ होती. शेतीच्या पाण्यासाठी माणसानं खणलेलं तळं पाणथळ धरायचं नाही. ती ओळ मला माहीत होती. पण अशा ओळींकडे बघायचं ठरवलं तरच त्या दिसतात. बावखलं पिढ्यान्‌पिढ्यांची, त्यांत मासे, बेडूक, पक्षी, खालच्या पाण्याशी नातं. ती जुनी म्हणून आपोआप नैसर्गिक धरायला कोणाची हरकत नव्हती. आमच्या कचेरीच्या प्रमुख मॅडमचीही नव्हती. पैसे असेपर्यंत कोणाची नव्हती.

वर्षअखेरीला सुधारित आकडे आले आणि निधी अर्ध्याहून कमी झाला. कापलेला वळवला होता दुसऱ्या एका गावाच्या तळ्याच्या सुशोभीकरणासाठी. तिथे आता सिमेंटचा काठ आहे, रंगीत दिव्यांचं कारंजं आहे आणि फोटो काढायला मोठ्ठी लाल अक्षरं आहेत. पाण्यात बेडूक नाही. मॅडमनी मला बोलावलं. चांगल्या बाई होत्या, थकलेल्या. म्हणाल्या, "एवढ्या पैशात चारच जागा बसतात. हद्दीचे खांब, मोजणी, राखण, सगळं धरून. बाकीच्यांना कारण लावा."

आमच्याकडे असंच म्हणतात. कारण लावा. पैसा नाही म्हणून जागा संरक्षित करत नाही, असं लिहिता येत नाही. जागा बसत नाही म्हणून पैसा नको, असं लिहिता येतं. मी टेबलाशी बसलो. एकेका जागेला कारण शोधू लागलो. उमेळ्याला शोधावं लागलंच नाही. माझ्याच अक्षरात तयार होतं: मानवनिर्मित.

चहा गार होईपर्यंत मी त्या शब्दाकडे बघत होतो, असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. मी दोन मिनिटांत खूण केली आणि पुढच्या जागेकडे वळलो. डबा खाल्ला. पाचची गाडी गाठली.

मसुदा जाहीर झाला तेव्हा जितूनं तो मोबाइलवर काकांना वाचून दाखवला. त्याच संध्याकाळी दामूभाई चार मजले चढून आमच्याकडे आले. लिफ्ट चालू होती. बायकोनं पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"सायब, माझ्या तोंडानं गेलं काय रे?"

मी खुर्ची पुढे सरकवली.

"जितू म्हनतो, काका, तुम्हीच सांगितलंत ना खनलं म्हनून. म्हनून काटलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नसतं सांगितलं तर राहिलं असतं?"

आता इथे मला सांगता आलं असतं की भाई, तुम्ही काहीही सांगितलं असतंत तरी हेच झालं असतं. पैसे गेलेत. कारण नंतर लावलंय. तीन वाक्यं होती. मी म्हणालो, "तसा नियम आहे खरा."

"मग मी बदलून सांगतो. सुनावनी हाय ना? लोकांचं म्हननं ऐकनार ना तिथं?"

"ऐकणार."

"मी म्हटलं, हिराजीनं खनलं नाही. देवाचं पानी, आपोआप आलं. मग?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला खरं माहीत होतं, मी तिला सांगितलं होतं. ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "सांगून बघा."

का म्हणालो, याची मी पुष्कळ उत्तरं तयार ठेवली होती. कचेरीतलं बाहेर सांगायचं नसतं. म्हाताऱ्याचं मन मोकळं होईल. कुणी सांगावं, वरच्यांचं मतही बदलेल. सगळी खोटी. खरं इतकंच की जोवर दामूभाई स्वतःला दोष देत होते, तोवर त्या खोलीत माझ्याकडे कोणी बघत नव्हतं; आणि बायकोची नजर सोडली तर मला बरं वाटत होतं.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. मॅडम मधे, मी शेजारी बसून टिपणं घेत होतो. चुरींचं सगळं खानदान आलेलं, बाकी गावही होतं. वर पाठवायची यादी केव्हाच गेली होती. दामूभाई तोच इस्त्रीचा सदरा घालून उठले. हातात काही नव्हतं. नेहमी ते बोलायला लागले की हात हवेत खणायला लागायचे. त्या दिवशी त्यांनी ते पाठीमागे धरले होते.

"मी मागं जे सांगितलं ते खोटं हाय," ते म्हणाले. "बावखल हिराजीनं नाही खनलं."

मागून कोणीतरी हसलं. "अरे दामूभाई, मग माझ्या साखरपुड्यात तासभर काय सांगत होतास?"

"खोटं सांगत होतो."

"आन सात हिवाळे?"

"एक पन नाही." ते मॅडमकडेच बघत होते. "हिराजी आळशी मानूस होता, बाई. ताडी प्यायचा. दिवसभर ताडाखाली पडून असायचा. त्यानं घरातला केरसुद्धा काढला नाही, तो तळं काय खननार? हे बावखल आधीपासून हाय. देवानं दिलंय."

हॉल हसत होता. जितूसुद्धा हसला, मग काकांचा चेहरा बघून थांबला. कुणीतरी ओरडलं, "काकी, सुटलीस. सवत गेली." काकी बायकांत बसल्या होत्या. त्यांनी पदर ओठांवर दाबला होता. त्या हसत नव्हत्या.

मॅडमनी विचारलं, "पूर्वी तर तुम्ही खात्रीनं सांगितलं होतंत?"

"मोठेपना मिरवायला सांगितलं. मला स्वतःला काही करता नाही आलं, म्हनून पनज्याच्या नावानं खपवत होतो. लिहा तसं."

मॅडम म्हणाल्या, "नोंद घेतली." मी घेतली. माझं अक्षर चांगलं आहे.

दामूभाई खाली बसले ते खुर्चीच्या कडेवर. बाहेर पडताना माझ्याजवळ थांबून म्हणाले, "बरोबर बोललो ना? अजून वाईट बोलायला पायजे होतं काय?"

मी म्हणालो, "नाही भाई. पुरे झालं."

महिना-दीड महिन्यांत डंपर आले. दिवसाढवळ्या, रांगेनं. कुठल्या तरी पाडलेल्या बिल्डिंगचं डेब्रीज. त्यात बाथरूमच्या निळ्या टाइल्स होत्या, कुणाच्या तरी दाराची चौकट होती. पहिले काही दिवस पाणी वर येत राहिलं, भरावातून वाट काढून केळीत शिरलं. मग आलं नाही. मी स्वयंपाकघरात चहा घेणं सोडलं. बायकोनं त्या खिडकीला पडदा लावला. माझ्याशी त्या विषयावर ती एक शब्द बोलली नाही, आणि आमच्या घरात न बोलण्याचा मक्ता माझा होता.

जन्मभर खड्ड्यापाशी थांबलेला माणूस हा खड्डा भरताना बघायला मात्र एकदाही आला नाही. आणि त्यानंतर दामूभाई सगळीकडे वेळेवर पोचू लागले. स्टेशनजवळ मोठं खोदकाम चाललं होतं, ते बाजूनं खाली मान घालून निघून गेले. बारशाला पाहुण्यांच्या आधी हजर. काकी मला म्हणाल्या, "वेळेवर येतात रे आता सगळीकडं. मला भीती वाटते."

मग पितृपक्ष आला. दामूभाईंच्या वडिलांची तिथी असते त्या दिवशी आम्हा दोघांना दरवर्षी जेवायला बोलावणं असतं. श्राद्धाला तीन पिढ्या घेतात: बाप, आजा, पणजा. तिसऱ्या नावाशी दरवर्षी गाडी अडायची, कारण भटजींनी "प्रपितामह?" म्हटलं की दामूभाई नाव सांगून न थांबता पहिल्या कुदळीपासून सुरू करायचे. भटजी शहाणे, त्या दिवशी ते पुढचं घर उशिराचं घेत.

या वर्षी मी एकटाच गेलो. बायको येते म्हणाली नाही, मीही आग्रह केला नाही. दामूभाई पाटावर सोवळं नेसून बसले होते. काकींनी आत वडे तळायला घेतले होते. भटजींनी वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं, आणि सवयीनं मांडी सैल करून म्हणाले, "प्रपितामह?"

दामूभाई बोटातली दर्भाची अंगठी फिरवत राहिले.

"भाई, नाव."

"दोनच घ्या."

भटजींना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "तुमचे हिराजी."

"दोनच घ्या म्हटलं ना."

"असं दोनवर नाही सोडता येत, भाई. शास्त्र आहे."

"मग शास्त्राला सांगा, तिसरा येत नाही."

ताम्हणात भाताचे दोनच पिंड वळून ठेवले होते, हे तेव्हा मी बघितलं. तिसऱ्याचा भात तसाच वाटीत होता. भटजींनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांचा मोबाइल वाजला आणि ते सुटकेनं ओटीवर गेले.

मी विचारलं, "भाई, असं का?"

ते खालीच बघत होते. "शाळेत सगळ्या गावासमोर ज्याला आळशी म्हटलं, दारुड्या म्हटलं, त्याला आता कुठल्या तोंडानं सांगू, ये, जेवायला वाढलंय?" मग म्हणाले, "बावखल वाचलं असतं तर सांगितलं असतं. बाबा, तुझंच वाचवायला बोललो. तो समजला असता. आता काय सांगू? तुला पन घालवला, तुझं पानी पन घालवलं."

काकींच्या कढईचा आवाज थांबला होता.

"मला मूल नाही," दामूभाई म्हणाले. "मला कोन बोलावनार नाही, ते मला ठाऊक हाय. पन तो माझ्याकडं येत होता. वर्षातून एक दिवस."

मी सांगितलं. बसल्या जागी, मान वर न करता, सगळं सांगितलं. निधी आधीच कापला होता. यादी आधीच गेली होती. तुम्ही पहिल्यांदा जे बोललात त्यानं बावखल गेलं नाही, ते फक्त आम्ही कारण म्हणून वापरलं. ते मी वापरलं. आणि सुनावणीत तुम्ही काहीही बोलला असतात तरी उपयोग नव्हता, आणि तुम्ही माझ्या घरी आलात तेव्हा हे मला माहीत होतं.

ओटीवर भटजी फोनवर कुणाला तरी पत्ता समजावत होते.

"म्हनजे मी त्याला फुकट शिव्या दिल्या," दामूभाई म्हणाले.

"हो."

"तू बाजूला बसून लिहीत होतास."

"हो."

मला वाटलं, आता उठतील. मारतील, असंही क्षणभर वाटलं, आणि त्याची मी जवळजवळ वाट बघितली. त्यांनी काही केलं नाही. आतून काकी आल्या, हातातल्या झाऱ्यावरून तेल ठिबकत होतं. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आन आमच्या घरी जेवायला येतोस." एवढंच म्हणून परत आत गेल्या.

दामूभाईंनी वाटी पुढे ओढली. भात वाळत आला होता, त्यावर पाणी शिंपडलं. त्या मऊ हातांनी ते तिसरा पिंड वळू लागले. नीट वळला जात नव्हता, पुन्हा मोडून पुन्हा वळला.

"माफी मागायची तर आधी बोलवायला पायजे," ते म्हणाले. माझ्याशी नाही, स्वतःशीच. मग माझ्याकडे न बघता, "तू जरा सरक. त्या अंगानं तो येनार."

मी भिंतीपर्यंत सरकलो. भटजी आत आले, तिसरा पिंड बघून काही न विचारता बसले आणि पाणी हातात घेऊन म्हणाले, "प्रपितामह?"

"हिराजी नारायन चुरी," दामूभाई म्हणाले. ना हात हवेत गेले, ना कुदळ आली, ना कातळ. आतल्या खोलीत कुणी रुसून झोपलं असावं आणि त्याला पानावर बोलवावं, इतकाच आवाज होता. भटजी मंत्र म्हणू लागले तरी दामूभाई त्या पिंडावर वाकून हलकेच बोलत होते.

"रागावला असशील तर उशिरा ये. पन ये."